खाणीच्या रस्त्यावरची पाहुणी

अकोले तालुक्याच्या डोंगरात, आमच्या गावाच्या माथ्यावर दगडाची खाण निघाली, तेव्हा मी संगमनेरला शाळेत इंग्रजी शिकवत होते. सुरुंगांनी भिंतींना तडे गेले, भाताच्या खाचरांत दगड येऊन पडू लागले. माझी चुलती गावच्या बायांना घेऊन ट्रकांच्या वाटेवर बसली. फौजदार यायचा, काठ्या मारून उठवायचा. बाया पुन्हा बसायच्या.

हे पुण्याच्या एका साहेबांच्या कानावर गेलं. परदेशी मंडळांत त्यांची ऊठबस. जीपमधून ते एक गोरा आणि एक गोरी मुलगी घेऊन आले. दुभाषी म्हणून मला बोलावलं. साहेबांच्या खादीला अशी कडक इस्त्री, की सतरंजीवर बसायचंही त्यांच्या जिवावर आलं. 'माझी चळवळ, माझी चळवळ' ऐकून बाया जांभया देऊ लागल्या. गोऱ्याला फोटो हवे होते. बायांनी डोक्यावर हंडे घ्यावेत आणि हसू नये, असा त्याचा हुकूम. त्या अर्थातच जास्त हसल्या.

चुलती मला म्हणाली, "त्या पोरीला इचार, उद्या सकाळी आमच्यासंगं रस्त्यावर बसती का?"

"हे सांगू नका," साहेब घाईघाईने म्हणाले. "उद्या भंडारदरा दाखवायचाय."

मी सांगितलं. मुलगी कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या बापाची लेक होती. "बसते," म्हणाली.

साहेब आणि गोरा धरण बघायला गेले. सकाळी फौजदार आला आणि मुलीला बघून त्याची काठी काखेतच राहिली. तिच्यासाठी त्यानं खुर्ची मागवली! ती मातीतच बसून राहिली. ट्रक माघारी फिरले. मग तहसीलदारही धावत आले, खाण बेकायदा असल्याचं त्यांनी जाहीर केलं, आणि त्याच आठवड्यात ती बंद झाली.

बायांनी मुलीची ओटी भरून तिला निरोप दिला. घरी आल्यावर चुलती चुलीपुढे बसून म्हणाली, "पोरगी लई गुनाची हाय. पर आमी काठ्या खाल्ल्या तवा ह्या मेल्यांस्नी कायदा ठावा नव्हता व्हय गं? गोरी कातडी बगितली आन् लगीच आठवला."



आवणीच्या, भात लावायच्या दिवसांत साहेब विजयसभेला आले. हार स्वतःच आणला होता. देवळापुढे कुणी नव्हतं, म्हणून मी खाचरावर निरोप घेऊन गेले.

चुलतीनं कंबर सरळही केली नाही. "सबा घ्यायची तर हितं चिखलात या म्हनावं."

साहेबांनी बांधावरून आपल्या धोतराकडे पाहिलं आणि ते जीपकडे वळले.