बिनभोकांची डिस्क

चिठ्ठीवर एवढंच होतं: "साधी डिस्क, बिनभोकांची. पॅड थंडीत धरणारे." स्पेअर पार्टच्या दुकानातल्या सुदेशने ती वाचली, काउंटरवर बाजूला सारली आणि कलावतीताईंना ब्रेकची भोकाभोकांची, आरशासारखी चकचकीत डिस्क आणि शर्यतीच्या गाड्यांचे लाल पॅड दिले. हे ज्ञान त्याने मोबाईलवर मिळवलं होतं, आणि फुकट मिळालेलं ज्ञान वाटताना माणूस फार उदार होतो.

चौथ्या दिवशी खडवलीपलीकडे ओढा ओलांडून उतारावर लागल्यावर ताईंची फोर बाय फोर थांबलीच नाही. बांध फोडून करवंदीच्या जाळीत शिरली. पाड्यावरची अकरा मुलं शाळेत न्यायला ती निघाली होती. मुलं अजून बसायची होती म्हणून बरं.

चिठ्ठी अँब्रोज अंकलची होती. मानपाड्याच्या शेडमध्ये पस्तीस वर्षं हा माणूस फक्त ब्रेक करतो. इंजिनाचं विचारलं तर हाकलून देतो. गिऱ्हाईक आलं की आधी विचारणार, "मना सांग, गाडीत भरतो काय? वाटेत पाणी किती? मागे कोण बसतो?" मग जुने पॅड उलटेपालटे करून झीज बघणार, आणि तरी समाधान नाही झालं तर स्वतः त्या रस्त्याने जाऊन येणार. ताईंच्या गाडीतून तो मुलांच्या मध्ये बसून गेला होता. परतला तेव्हा खिशात मुलांनी दिलेल्या चिंचा होत्या.

त्याच अंकलने आता ती डिस्क दुकानाच्या काचेवर आपटली. भोकं चिखलाने बुजली होती. खिळा घातला तसे दोन खडे टणटणत खाली पडले.

"ही भोकं कशाला रे?"

"हवा जाते अंकल. डिस्क तापत नाही."

"ओढ्याच्या पाण्यात काय तापणार, तुझं डोकं? आणि हे पॅड तापल्याशिवाय धरतच नाय! बाईने आधी चार चकरा मारून गाडी गरम करायची, मग पोरं भरायची?"

"मला वाटलं, ताईंना भारीतलं द्यावं."

"भारीतलं! रविवारी हौसेने चिखलात लोळून टँकरच्या पाण्याने जीप धुणारी ती तुझी मंडळी, त्यांचं भारी! चिठ्ठी वाचलेलीस?"

"वाचलेली."

"वाचून केलंस? मग तू अडाणी नाय, हरामखोर आहेस!"

सुदेशला 'हरामखोर'पेक्षा 'तुझी मंडळी' जास्त लागलं. दिवा स्टेशनजवळच्या त्याच्या खोलीवर दिवसाला दोन हंडे पाणी येतं, आणि त्या जीपवाल्यांना तो काउंटरमागून 'सर, सर' करत असतो.

कलावतीताई दारात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, भांडणं नंतर करा. सोमवारी गाडी लागली नाही तर शाळा दुसरी गाडी लावणार आहे. माझं घर त्या गाडीवर आहे."

साधी डिस्क दुकानात नव्हती. माल यायला पंधरवडा. अंकलने एक शिवी हासडली आणि बाहेर जाऊन स्वतःच्या जीपखाली जॅक लावला. त्याची आणि ताईंची गाडी एकाच मॉडेलची.

"अंकल, नुसते पॅड काढले तर?"

"लग्न झालंय तुझं? नाय ना? तीस वर्षांच्या नवराबायकोसारखे ते एकमेकांना घासून बसलेत. एकाला काढून भलत्याशी जुंपला तर आवाजच करणार. पाना धर."

जीपची डिस्क, पॅड ताईंच्या गाडीला बसवून तिघे खडवलीला गेले. सुदेश पुढे बसायला लागला तर अंकल ओरडला, "पोरं बसतात तिथे बस."

ओढ्याचं पाणी दारापर्यंत आलं. बाहेर निघताच ताईंनी ब्रेकवर हलका पाय ठेवला, ताट पुसावं तसे पॅड पुसून घेतले आणि भर उतारावर ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. सुदेशचं नाक पुढच्या सीटवर आपटलं.

"थांबली?" अंकलने वळूनही न बघता विचारलं.

"थांबली."

"अकरा पोरांना विचारायला लागलं नाय, ते बरं."

सोमवारी गाडी शाळेला लागली. अंकलची जीप मात्र शेडबाहेर विटांवर उभी आहे आणि तो शेअर रिक्षात चौथा बसून, चिडून कामावर येतो. नवी जोडी मीच आणून बसवेन, असं सुदेशने कबूल केलं होतं. एकदा माल आला, तो दुसऱ्याच मॉडेलचा निघाला. त्या कबुलीला आता दोन महिने झाले. जोडी अजून द्यायचीच आहे.