चक्रवाकांची खोटी जोडी

न पाहिलेला पक्षी तुम्ही कधी यादीत लिहिला आहे का? मी लिहिला आहे, तोही वडिलांच्या हस्ताक्षरात.

बाबा चळवळीतले. आमच्या धायरीच्या घरात पाठ्यपुस्तकांआधी पत्रकं आली. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. मार्चमध्ये, हिवाळी पाहुणे पक्षी उत्तरेला निघायच्या दिवसांत, दर रविवारी सकाळी आम्ही दोघं नदीवर जायचो. मी दाखवायची, ते लिहायचे. नियम एकच: दोघांनी पाहिल्याशिवाय नोंद नाही.

पक्षाघातानं ते खाटेला खिळले आणि मी एकटी जाऊ लागले. नियम त्यांनीच सैल केला. "आता तुझे डोळे ते माझे, पोरी."

त्या मार्चमध्ये काठावर राडारोड्याचे डंपर रिकामे होत होते. ज्या उथळ पाण्यात दरवर्षी नारिंगी चक्रवाकांची जोडी उतरायची, तिथे विटा आणि फरश्यांचे तुकडे पडले होते. पिवळे धोबी दिसले, चार. बाकी काही नाही.

घरी बाबा डाव्या हातात पेन धरून वाटच बघत होते. "जोडी?"

"होती," मी म्हणाले. त्यांचा चेहरा बघवला नाही मला.

वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यांनी लिहिलं: चक्रवाक, दोन. त्याच अक्षरांत ती यादी आम्ही पत्रकात छापली, आणि भरावाविरुद्धच्या तक्रारीलाही जोडली. सुनावणीला बाबा हट्टानं व्हीलचेअरवर आले. साहेबांनी यादीवर बोट ठेवलं.

"अहो, तुमचे चक्रवाक तर मजेत आहेत! मग भरावानं बिघडलं काय? का यादीच खोटी आपली?"

"आमच्या पत्रकात खोटं छापत नाहीत, साहेब," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हसले.

मी गप्प बसले. चौकाचौकांत सत्तेला जाब विचारणारी मी.

तक्रार निकाली निघाली. काठ बुजला. पुढच्या हिवाळ्यात बाबा गेले. खरं त्यांना मी सांगितलंच नाही. आता त्या भरावावरून जाताना पाण्याकडून चक्रवाकाची हाक येते. थांबून बघते, तर पाणी रिकामं. मागं वळून कुणाला विचारावं, तर सोबतीला कुणी नसतं.

ते पत्रक आम्ही मंडईत आणि शनिवार पेठेत हातोहात वाटलं होतं. तुमच्या घरात एखादी प्रत उरली असेल, तर आजच शोधा. चक्रवाकांसमोरचा दोनचा आकडा खोडा आणि तिथे शून्य लिहा.