डाळिंबाची पाच कलमं

बायको गेल्यावर तेराव्याला सासूबाईंनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. परसातलं डाळिंब त्यांच्या लेकीनं लावलेलं, त्याचं एक कलम त्यांना आपल्या गावी, करजगीला न्यायचं होतं. मी बिदरच्या सरकारी बागेत माळी. कलमं जगवणं हे माझं पोटापाण्याचं काम, तेव्हा हो म्हणालो. बाकी त्या दिवसांत मला काही जाणवतच नव्हतं. रडूही येत नव्हतं, त्याची लोकांसमोर लाज तेवढी वाटायची.

पाच काड्या कापल्या. मुळं लवकर फुटावीत म्हणून बागेत नवीनच एक विलायती पूड आली होती. बागेचा कारभार पाहणाऱ्या मोहतमीमसाहेबांनी त्यातली थोडी कागदात बांधून दिली आणि बजावलं, "बुडाला नुसती लावून झटकायची. जास्त झाली तर काडी जळते." मी मान डोलावली आणि घरी येऊन सगळी थापली. वर लेंडीखत. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. रानात मेंढरं बसवली की पीक कसं उसळतं ते लहानपणापासून पाहिलेलं. बागेत रोज धुतलेल्या वाळूत कलमं लावणारा मी, घरी मात्र कुंड्या लेंड्यांनी भरून मोकळा झालो. मूळच नाही ती काडी खाणार कशानं, एवढं साधं डोक्यात आलं नाही. अक्कल गहाण पडली होती म्हणा.

दहा-बारा दिवसांत चार काड्या वाळल्या. पाचवीला पानं फुटली, तांबूस, लुसलुशीत. शेजारीण खूश झाली. मला माहीत होतं, काडी आधी अंगातल्या साठ्यावरच पालवते. मूळ धरलं तर पुढची गोष्ट. महिन्याच्या श्राद्धाला सकाळीच मी ती हलकेच उपसून पाहिली. बूड काळं पडलं होतं, मूळ एकही नव्हतं. परत खोचली आणि माती दाबली.

दुपारी सासूबाई आल्या. जेवणंही झाली नव्हती, तोच कुंडीपाशी बसून एकेका पानावरून बोट फिरवायला लागल्या.

"जगायलंय का अप्पा?"

"जगायलंय, आत्या. न्या."

ऊन लागू नये म्हणून कुंडीवर पदर धरून त्या गाडीत बसल्या. मी हात जोडले.

बायको दवाखान्यात होती तेव्हाही निरोप मीच धाडला होता, बरी व्हायलीय, यायची घाई करू नका. डॉक्टरांनी आदल्या दिवशीच मला सगळं सांगितलं होतं. सासूबाईंनी घाई केली नाही.