ग्रॅनाइटवर कोण बसणार?

“आनि ओटा कथा शे, भाऊ?” कमलबाईंनी विचारलं. म्हणजे, ओटा कुठाय?

मी दिमाखात किचनमध्ये शिरलो आणि काळ्या ग्रॅनाइटवर थाप मारली. “हा काय! यात बघून भांग पाडा, अक्का.”

बाईंनी ग्रॅनाइटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आठे बठू मी? गॅसना शेजारे?”

फ्लॅट बघायला आलेली सुरतेतली सगळी लिंबायत वस्ती हसली. ते हसणं पार शहराबाहेर पलसाण्याला ऐकू गेलं. तिथल्या कापड रंगवणाऱ्या डाइंगवाल्यांना वाटलं, बॉयलर फुटला. खोटं वाटत असेल तर त्यांना विचारा.

झालं होतं असं. मी सिव्हिल इंजिनिअर, मूळचा कोल्हापूरचा. ही इमारतीची स्कीम कापडाच्या लूमवर राबणाऱ्या खानदेशी कुटुंबांच्या सोसायटीची. जमीन त्यांनी मिळून घेतलेली, बांधून देणार आमचे शेठ. खालची दुकानंसुद्धा सोसायटीच्या मालकीची, भाडं लिफ्ट-पाण्याला. जन्मभर घरमालक पोसलेली माणसं आता स्वतः मालक होणार होती.

साइटवर मराठी बोर्ड हवा होता आणि ऑफिसात मराठी म्हणजे मी एकटा. गुजराती मजकुरात होतं ‘प्लेटफॉर्म’, म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. मी झोकात लिहिलं: ‘प्रत्येक घराला स्वतःचा ओटा!’ खानदेशात ओटा म्हणजे दाराबाहेरचा. त्यावर बसायचं, मेथी निवडायची, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची.

“भाड्याच्या खोलीत जन्म गेला,” कमलबाई म्हणाल्या. आता कुणी हसत नव्हतं. “पायरीवर टेकलं की मालकीण म्हणते, ऊठ, रस्ता सोड. तुमचा बोर्ड वाचीसन आम्हीन पैसा भरात. ओटा नही, ते चावी बी नको.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचं पझेशन अडलं.

शेठनी मला केबिनमध्ये घेतलं. “अरे साहेब, ओटलो तो बहार ज होय ने! तमे शुं लख्युं?”

“शेठ, बोर्ड तुम्ही पण पाहिला होता.”

“में तो मारो फोटो जोयो!” म्हणजे, बोर्डावरचा स्वतःचा फोटो तेवढा पाहिला.

मग शिवी द्यायला त्यांनी तोंड उघडलं. काठियावाडातल्या घराचा ओटलो त्यांना आठवला असावा, कारण ती शिवी त्यांनी अर्ध्यात सोडली. तेव्हा सुरतेतला सगळा ट्रॅफिक थांबला होता म्हणतात.

“तो हवे बनावो,” ते म्हणाले. म्हणजे, मग आता बनवा.

बनवायचा कुठे? पॅसेजमध्ये नाही, आग लागली तर ती पळायची वाट. एकच मार्ग होता. दाराची भिंत नुसती विटांची असते, बिल्डिंगचा भार कॉलमवर. ती आत सरकवली तर दाराबाहेर बसण्यापुरती जागा निघते. पण कार्पेट कमी होतो. कार्पेट म्हणजे भिंतींच्या आत सतरंजी अंथरता येईल एवढी जागा, माणूस तिचेच पैसे मोजतो.

मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये स्पष्ट सांगितलं. “हॉल लहान होईल. नंतर माझ्या नावानं ओरडायचं नाही. कोण तयार?”

सगळे हात वर. कुणाचा तरी पाहुणा आलेला जावई होता, त्यानंही केला.

शेठ डोक्याला हात लावून बसले. “सुरतमां लोक एक इंच माटे कोर्टमां जाय, ने आ लोको सामेथी आपे छे!” म्हणजे, हे लोक आपणहून जागा देतायत.

प्लॅन पुन्हा मंजूर करून आणताना माझ्या चपला इतक्या झिजल्या की शेवटी फक्त अंगठे उरले. पण भिंती सरकल्या. प्रत्येक दाराशी कोटा फरशीचा ओटा झाला.

चावी मिळाली त्या दिवशी कमलबाई आत गेल्याच नाहीत. पदरानं फरशी पुसली आणि बसल्या. समोर लिफ्टचं दार.

“आठेतून आमनं गाव दिसस नही,” त्या म्हणाल्या. फरशीवरून हात फिरवला. “पन कोनी ऊठ म्हननार नही.” मग थोड्या सरकल्या. “बसा ना, भाऊ.”

मी बसलो. सुरतेच्या वेसूसारख्या उंची भागातला माझा हॉल एवढा मोठा की टीव्ही बघायला दुर्बीण लागते. शेजाऱ्याचं नाव मात्र अजून माहीत नाही.

धडा असा की भाषांतर चुकलं तर आधी ते खोडू नये. कुणाला तरी तेच हवं असतं. शेठ हा धडा माझ्याआधी शिकले. वेसूतल्या त्यांच्या नव्या स्कीमच्या बोर्डावर सोनेरी अक्षरांत आहे, ‘ओटलावाळा लक्झरी फ्लॅट’.

मी चौकशी केली. मला परवडत नाही.