उजव्या हाताचा चहा

कल्पना करा, तुमच्यासमोर वहीच्या पानाएवढा लिनोलियमचा, रबरासारखा मऊ तुकडा आहे. जे कोरून काढाल ते पांढरं राहणार, जे ठेवाल तेच कागदावर काळं उमटणार. एकदा निघालेला चरा परत भरता येत नाही. कोरणी टेकवायला धजाल?

लहबीब धजला. मोरोक्कोतल्या तेतुआनच्या बाजारात पस्तीस वर्षं त्यानं चामडी सपातांचे तळ कापले होते. चौपन्नाव्या वर्षी तो मोहल्ल्यातल्या छापचित्रांच्या वर्गात जाऊन बसला. हातचं सगळं आजवर लोकांच्या पायाखाली गेलं. एक तरी गोष्ट भिंतीवर लागावी, एवढंच त्याला हवं होतं.

शनिवारी वर्गाचं प्रदर्शन होतं. त्यासाठी त्यानं बायको कोरली, पाहुण्यांसाठी उंचावरून चहा ओतणारी. शाईचा रूळ फिरवला, कागद दाबला, उचलला आणि ऐटीत घरी नेला.

रहमूनानं चित्र पाहिलं. "मी डाव्या हातानं चहा ओततेय?"

लहबीबनं कागद उलटसुलट करून पाहिला.

"तुझी बहीण आधीच म्हणते, हिला वळण नाही. हे भिंतीवर लागलं तर प्रदर्शनात तू एकटाच जा. आणि जेवायलाही तिच्याकडेच जा."

वर्ग घेणारी सुआद त्याच्या मुलीच्या वयाची, पण त्याला मानानं 'सी' म्हणायची. त्यानं चित्र परत वर्गात नेलं तेव्हा ती हसली. "सी लहबीब, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, छाप उलटी पडते."

"सांगितलं होतंस, बेटा. पण आमच्या धंद्यात तळ उलटा धरला की डाव्याचा उजवा होतो. मला वाटलं, हेही निभेल."

घरी येऊन तो बाईसाहेब म्हणावं तशा अदबीनं म्हणाला, "लल्ला रहमूना, जरा किटली डाव्या हातात धर. कागदावर आपोआप उजवा होईल."

"चित्रासाठीसुद्धा नाही!"

मग त्यानं तिला कपाटाच्या आरशासमोर बसवलं, किटली उजव्या हातातच दिली आणि आरशातली रहमूना उतरवून घेतली. तीन दिवसांत नवा तुकडा कोरून झाला. या वेळी कागद उचलताना त्यानं आधी हात पाहिला. उजवा.

रहमूनानं चित्र खिडकीशी नेलं. "लाव भिंतीवर," ती म्हणाली. मग जरा थांबून, "हात माझा आहे. पण ही बाई कोण?"

"तूच की!"

"नाही रे. पहिल्या चित्रात मी होते. हिचा तर भांगही भलतीकडेच आहे."

चित्र शनिवारी भिंतीवर लागलं. लहबीबच्या बहिणीनं लांबूनच ओळखलं, "अगंबाई, हुबेहूब आपली रहमूना!" रहमूनानं नकारार्थी मान हलवली. सुआद म्हणाली, "सी लहबीब, माणूस स्वतःला आरशातच बघतो. यांच्या ओळखीची आहे ती आरशातली, उलटी रहमूना."

लहबीबनं पुढचा तुकडा आणून ठेवलाय, कोरण्यांना धारही लावलीय. पण अजून हात घातलेला नाही. भेटेल त्याला तो एकच विचारतो: तीस वर्षं मी जिच्याकडे बघतोय ती तिला कधी दिसलीच नाही, तर मग आम्हा दोघांनाही ओळखू येईल अशी रहमूना कोरायची कशी?