मग तूस कुठी जाते?

फ्लास्क खिडकीच्या उजेडात धरायचा, एक डोळा मिटायचा आणि विचारायचं, "बाई, गेलं कुठी?" ही आमच्या प्रयोगशाळेतल्या भाऊंची रीत. स्पिरिट उडालं, मीठ विरघळलं, काहीही दिसेनासं झालं की भाऊंना त्याचा पत्ता हवा असे. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आपण त्याला बहुधा घाईत उत्तर देतो.

ऐंशीच्या दशकात मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. भाऊ तिथे परिचर होते. सातवी शिकलेले, पन्नाशीचे, खांद्यावर कायम एक फडकं. मला तेव्हाही याद्या करायची सवय होती. माझी यादी भिंतीवर डकवताना ते म्हणत, "बाईची यादी म्हंजे पोलीसपाटलाचा हुकूम."

गावाबाहेर सायकलच्या हँडलांना चकाकी चढवणारा एक छोटा कारखाना होता. त्याचं पिवळं पाणी नाल्यात जाई. तो पिवळेपणा क्रोमियमचा, म्हणजे विषाचा. भाताचं तूस ते विष पाण्यातून ओढून घेतं का, हे मला पाहायचं होतं. तूस भाऊंनीच आणलं, मूल गावाकडच्या राइस मिलमधून, एसटीच्या टपावर पोतं टाकून.

कंडक्टर म्हणाला, "भाऊ, तांदूळ कुठी इसरले?"

"तांदूळ तू खा. आमच्या बाईले टरफलच लागते."

धुणं, वाळवणं, चाळणं, आम्लात भिजवणं, तोलणं, नळीत भरणं, पाणी सोडणं अशी सात कलमं मी लिहिली होती. चौथ्या दिवशी वरून पिवळं पाणी सोडलं आणि खालून बिनरंगी थेंब पडू लागले. मी जवळजवळ टाळ्याच वाजवल्या. भाऊंनी डोळा मिटला.

"गेलं कुठी?"

"तुसाला चिकटलं, भाऊ."

"बरं. मग तूस कुठी जाते?"

"मागच्या ढिगावर."

भाऊ टेबल जरा जास्तच वेळ पुसत राहिले.

थंडीतल्या एका सकाळी ते दारातूनच ओरडले, "बाई, ढीग गेला!"

आमच्या झाडीपट्टीत, या भातपिकाच्या मुलखात, तूस कोणी वाया घालवत नाही. ते शेगडीत ठासतात, जाळतात, राखेनं भांडी घासतात आणि दातही. कॉलेजच्या चौकीदाराची बायको, आम्हा सगळ्यांची वहिनी, ढीग घेऊन गेली होती. तूस जळेल, पण क्रोमियम जळणार नाही. ते राखेत उतरेल. हे माझ्या लक्षात येईपर्यंत भाऊ पटांगण ओलांडून गेले होते. मी मागून धावले.

वहिनी अंगणात शेगडी भरत होती. "काऊन धावून राह्यले, भाऊ? कॉलेजात आता तूस बी शिकवते का?"

"वयनी, काडी नोको लावू! याच्यात जहर हाय. आधी जाळलं का यातलं?"

"काल सांजच्याले एक टोपली. राख ठेवली नं करवंटीत, पोरायच्या दाताले."

"घासले का त्यायनं?"

"शाळेच्या घाईत कोन दात घासते? तोंडावर पानी मारलं अन् पयाले."

भाऊ पायरीवर बसून हसले. मग त्यांनी राख, तूस, अंगणातला झाडलोटीचा कचरासुद्धा पोत्यात भरला. वहिनी रडकुंडीला आली, तेव्हा म्हणाले, "तुयी चूक नाई. आमची हाय."

चूक माझी होती. 'बाईची' म्हणता आलं असतं. त्यांनी 'आमची' म्हटलं.

त्यानंतर त्यांनी प्राचार्यांच्या मागे लागून प्रयोगशाळेमागे सिमेंटची टाकी बांधून घेतली. झाकणाला कुलूप, किल्ली कमरेला. भिंतीवरच्या यादीत आठवं कलम आलं, पेन्सिलीनं, त्यांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात: तूस कुठी गेलं ते पाहने.

निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "टाकी भरल्यावर कुठी, बाई?" या वेळी मी उत्तराची घाई केली नाही.

काही वर्षांनी त्यांच्या गावाहून निरोप आला की भाऊ गेले. मी किल्ली घेतली आणि टाकीकडे गेले. प्रयोग केव्हाच थांबला होता; कुलूप गंजलं होतं, तेल घालून उघडलं. आत पोती एकावर एक रचलेली, प्रत्येकाचं तोंड सुतळीनं बांधलेलं, सुतळीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर पेन्सिलीनं तारीख आणि वजन.

तळाशी एक छोटं पोतं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'राख. वयनीकडची.'

सगळं जागच्या जागी होतं.