आत्याचे धवले आणि माझा बेस

बहिणीच्या हळदीत आत्याचे धवले ऐकू जाणार की नाही, हे शेवटी माझ्या बेस गिटारवर येऊन अडकलं. धवले म्हणजे आमच्या आगरी लग्नातली विधींची गाणी. जांभूळ गावची आत्या ती आयुष्यभर नुसत्या गळ्यावर म्हणत आली. मागच्या एका हळदीत डीजेने तिला असं बुडवलं की ती अर्ध्यातून उठली. या वेळी तिने आधीच बजावलं, "आयकू नाय गेला त परत कदी गानार नाय." त्यावर मीच शहाणपणा केला. माईक लावू, खाली मी हळू बेस धरतो, म्हणून तिला गळ घातली.

पहिल्याच तालमीत तिचा आवाज गडप. आत्याचा गळा जाड, खर्जातला, आणि माझ्या तारा नेमक्या तिथेच घुमणार. म्हणून कॅम्प चारच्या बाजारातून माझा बंद पडलेला फिल्टर दुरुस्त करून आणला. पायाशी ठेवायची छोटी डबी. तिचं बटण फिरवलं की खालचे सूर छाटले जातात. अंबरनाथला घरी कान लावून लावून मी बटणाची जागा शोधली. बेस कळेल, पण आत्याच्या वाटेत येणार नाही.

मांडवात साऊंडवाल्याने पहिल्याच ओळीला माझा बेस चढवला. मी हाताने नको म्हटलं. तो लांबूनच म्हणाला, "भाई, छाती में लगना चाहिए." चुलतभाऊ सगळे त्याच्याच बाजूचे. मी छाटलं, त्याने वाढवलं. आणखी छाटलं, आणखी वाढवलं. इथे म्हातारी बाई भाचीसाठी जीव तोडून गातेय आणि या माणसाला खुर्च्या हलवून दाखवायच्यात! आत्याने माईक खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. माझं डोकंच फिरलं. बटण पार टोकाला नेलं. बेसमधून आता फक्त तारांवर बोटं आपटल्याची टिकटिक येत होती. तो वाढवत बसला, पण वाढवायला काही उरलंच नव्हतं.

आत्याने पुन्हा सुरुवात केली. शब्द न् शब्द मागच्या रांगेपर्यंत गेला. बायकांनी ओळ उचलली, बहीण रडायला लागली. मी मात्र रागारागाने तारा बडवत होतो आणि त्यातला एक सूर कुणाला ऐकू येत नव्हता.

गाणं संपल्यावर आत्या हळदीच्या हातांनीच माझ्याकडे आली. गालावरून हात फिरवत म्हणाली, "आज बरा वाजवलास रं. असाच वाजवत जा."